हात दाखवा

तपासणी झाली, मधल्या सुट्टीची घंटा वाजली, आणि हेमलता मानकर डबा उघडायचा सोडून पुन्हा नळावर गेली. सत्यशीला वर्गाच्या खिडकीत उभी होती. सकाळी पुसलेल्या चौकटीवर कोळशाची पूड परत बसली होती आणि ती त्यात बोटानं उगाच रेघ ओढत होती. आत्ताच तर या मुलीनं हात धुतले होते. सगळ्या वर्गानंच धुतले होते. चंद्रपुरात काविळीची साथ होती आणि वरून हुकूम आला होता की वर्गशिक्षकांनी डब्याच्या आधी मुलींना साबणानं हात धुवायला लावावेत आणि स्वतः तपासावेत. आठवी ब सत्यशीलेकडे होती. तिनं एकेकीचा हात आपल्या हातात घेतला होता, तळवा वर करून पाहिला होता, मग उलटा करून नखांच्या कडा अंगठ्यानं दाबल्या होत्या. हेमलतेचे हात तर इतके स्वच्छ होते की ती "छान" म्हणून गेली होती. आणि आता ही छान हातांची मुलगी नळाखाली वाकून मनगटापर्यंत साबण चोळत होती, बोटांच्या बेचक्यांतून, जसं सत्यशीलेनंच फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं तसं. धुवून झाल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. सत्यशीलेकडे नाही, वसुधाकडे. वर्गाची मॉनिटर वसुधा ओट्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं डबा बाजूला ठेवला आणि ती उठली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. बघता बघता नळाशी रांग लागली. सिनेमाच्या तिकिटाला लागते तशी साधी रांग लागली.

सत्यशीलेच्या तळहातांना आधी कळलं, डोक्याला नंतर. तळहात गरम झाले आणि आखडले. एकेकीला केसांना धरून वर्गात आणावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, आणून काय विचारणार? हात काऊन धुतले म्हणून? साथीच्या दिवसांत, हात धुवायला शिकवणाऱ्या बाईनं? तिला स्वतःचंच हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. रांगेत एक मुलगी नव्हती. चंद्रकला. तिचा बाप, इस्तारी, रामाळा तलावावर जाळं टाकायचा. ती भिंतीकडे तोंड करून भराभरा भात खात होती, सगळ्यांच्या आधी संपवायचा असल्यासारखी. बाकी सगळ्या रांगेत होत्या. वेण्या घातलेल्या, निळ्या रिबिनींच्या, तेरा-चौदा वर्षांच्या. यांना मी अन्नाचं पचन शिकवते, सत्यशीला मनाशी म्हणाली. यांच्या वह्या मी घरी नेऊन तपासते. त्या वह्याही धुत असतील का?

हे पाणी तिच्या ओळखीचं होतं. सावली गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमधल्या तिच्या गावच्या शाळेत दुपारी खायला सुकडी मिळायची, आणि सुकडीच्या आधी डोमा शिपाई पोरांच्या हातांवर पाणी घालायचा. बाकीच्यांच्या हातांवर लोटा टेकवून, नीट, चोळून होईपर्यंत. तिची पाळी आली की लोटा त्याच्या खांद्याएवढा वर जायचा. तिथून पडलेलं पाणी हातावर थांबायचंच नाही, फुटून इकडे तिकडे उडायचं आणि माती तशीच राहायची. मग गुरुजी म्हणायचे, "हात दाखव." दाखवला की छडी. "पाहा, पाहा हिचे हात," असं सगळ्या वर्गाला, आणि वर्ग पाहायचा. आई, बायनाबाई, चुलीतली राख घेऊन तिचे हात रोज सकाळी घासून काढायची. "घरूनच धुवून जा, बाई. तिथल्या पान्याची आस नोको करू." मग सत्यशीला दोन्ही हात छातीपुढे धरून, कशालाही न शिवता, बांधावरून शाळेत जायची. तोल गेला तरी हात टेकायचे नाहीत. एकदा ती तशीच तोंडावर चिखलात पडली आणि हात वर राहिले. बापाला, देवरावला, हे सांगितल्यावर तो किती वेळ हसला आणि मग उठून बाहेर निघून गेला. त्या हातांवर तिनं मॅट्रिक केलं, नागपूरला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. इतकं सगळं करून ती पुन्हा एका हात धुण्यापाशी येऊन उभी राहिली होती. फरक इतकाच होता की या वेळी नळ होता, पाणी भरपूर होतं, साबण होता, आणि छडी तिच्या टेबलावर पडली होती.

पण वसुधाचा तिला एवढा राग येत नव्हता. वसुधा तिच्या हिशेबात होती. स्टाफरूममध्ये संत्रं सोललं की बाकीच्या बाया एकमेकींच्या हातावर फोड ठेवायच्या आणि तिची फोड कागदावर ठेवून सरकवायच्या. वसुधा तसाच कागद सरकवणाऱ्या घरातली मुलगी होती. तिला त्या घरात जन्मून दुसरं काही येणं कठीणच होतं. राग येत होता तो हेमलतेचा, जी सगळ्यात आधी उठली होती. कारण हेमलता कोण आहे हे या शाळेत एकट्या सत्यशीलेला माहीत होतं. मागच्या ऑक्टोबरात, इथल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीच्या मैदानावर, सोळा तारखेच्या त्या गर्दीत, पांढऱ्या लुगड्यातल्या एका म्हातारीचं बोट धरून ही पोरगी उभी होती. पांढरा फ्रॉक, पांढरी रिबीन, हातात मेणबत्ती. म्हातारी रुखमाबाई, आईच्या माहेरगावची. ती आईच्या गळ्यात पडून रडली होती आणि म्हणाली होती, "हे माही नात. पोरगा सरकारी कचेरीत लागला. मोठ्या वस्तीत घर घेतलं त्यानं." सत्यशीलेनं मुलीकडे पाहून, "अगं, तू तर आमच्या शाळेतली," असं म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि मुलगी म्हातारीच्या पाठीमागे गेली होती. तेव्हा तिला वाटलं, बाईंना पाहून लाजली. आता ती लाज कसली होती ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मानकर हे आडनाव कुणब्यांतही असतं. ते कोणाचंही असू शकतं. बापानं तेवढ्या आडनावावर मोठ्या वस्तीत घर घेतलं होतं आणि मुलीनं तेवढ्या आडनावावर वसुधाच्या शेजारची जागा मिळवली होती.

मुख्याध्यापक वामनराव खादी घालायचे आणि पंधरा ऑगस्टला समतेवर बोलायचे. सत्यशीला त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते. तिनं सांगितलं. सांगताना आवाज चढू नये म्हणून ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेपराची घडी घातली.

"निमगडे बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. लेकरं आहेत."

"लेकरं कुठून शिकली, सर?"

"अहो, पण हातच धुतात ना? मग चांगलंच आहे. आपण तेच तर शिकवून राह्यलो." ते हसले. त्यांच्या हसण्यात खरोखर वाईट काही नव्हतं, आणि त्यामुळेच तिला ते टेबलावरच्या पेपरवेटनं फोडावंसं वाटलं. "जितके जास्त हात धुतील तितकी कावीळ कमी. तुम्हीही धुवा, मीही धुतो."

तुम्हीही धुवा. बाबूपेठेतल्या तिच्या खोलीपर्यंत सायकल रेटताना हे शब्द तिच्या डोक्यात चाकाबरोबर फिरत राहिले. जटपुरा गेटमधून बाहेर पडताना एका ऑटोनं तिला जवळजवळ घासून नेलं, ऑटोवाल्यानं शिवी दिली, आणि तिनं वळून त्याला त्याहून मोठी शिवी दिली. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले. बघा, ती मनात म्हणाली, बाईच्या तोंडून ऐकलं नसेल तर ऐकून घ्या. या शहराचा परकोट, त्याच्या आतली माणसं, चिमण्यांतून पडणारी ही राख, हे सगळं एका मोठ्या बादलीत घालून खरवडून काढावं, असं तिला वाटत होतं. घरी पोचल्यावर तिनं हात धुतले नाहीत. तशाच हातांनी भाकरी खाल्ली. ही कोणती सुडाची रीत, हे तिचं तिलाही कळलं नाही. भाकरीला कोळशाची चव आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिनं हेमलतेला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. दार उघडंच ठेवलं. मुलगी दप्तर छातीशी धरून टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. आदल्या रात्रभर सत्यशीलेनं मोठमोठी वाक्यं जुळवली होती. आजीनं काय सोसलं, बापाला शाळा कोणामुळे दिसली, अशी. ती सगळी ऐनवेळी गेली आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "हात दाखव."

हेमलतेनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर कातडी सुकून भेगा पडल्या होत्या, एका बेचक्यात लाल चट्टा होता.

"दिवसातून कितीदा धुतेस?"

"मोजत नाई."

"माझा हात लागल्यावर सगळ्यांत पहिले तू उठली. तू. रुखमाबाईची नात."

मुलीनं दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. मग तिनं सत्यशीलेकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती असेल अशी सत्यशीलेची समजूत होती, ती साफ चुकली. मुलगी रागावली होती.

"हळू बोला ना, बाई."

"काऊन हळू बोलू? लाज वाटते?"

"तुमाले काय होते बोलाले! तुमची नोकरी पक्की आहे. तुमच्याशी नाई बोललं कोणी तरी तुमाले पगार भेटते." मुलीचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "त्या माह्याकडेच पाहून राह्यल्या होत्या. मी उठतो का नाई उठत, हेच पाहून राह्यल्या होत्या. वसुधाले शंका आहे माह्यावर. मागं तिनं विचारलं, तुमच्या घरी गणपती कुठं मांडता. मी उठलो नसतो तं झालं होतं."

"झालं असतं तर झालं असतं. मी आहे ना."

"तुम्ही?" हेमलता म्हणाली. "तुम्ही तं एकट्याच जेवता, बाई. रोज खिडकीतून दिसता तुम्ही. मले नाई जेवता येत एकटं."

सत्यशीलेनं हात उचलला होता. तो कशासाठी उचलला होता, मारायला की तिच्या खांद्यावर ठेवायला, हे ठरायच्या आत मुलगी मागे सरकली, आणि हात टेबलावरच्या काचेच्या नळ्यांवर गेला. एक नळी गडगडत कडेला जाऊन खाली फुटली. "जा," सत्यशीला म्हणाली. मुलगी गेली. काचा गोळा करताना तिच्या मनात मुलीसाठी दया यायला हवी होती, आणि ती आली नाही. आली ती एक थंड, नेटकी चीड. पोरगी खरं बोलली होती, म्हणून ती जास्तच होती. एकट्याच जेवता. म्हणजे त्यांच्या डोळ्यांना मी तशी दिसते. खिडकीत मांडून ठेवलेली बाई, जिच्याकडे बोट दाखवून पोरींना शिकवता येतं की बघ, धुतलं नाहीस तर अशी होशील. तिला शब्दाशब्दानं वामनराव आठवले. जितके जास्त धुतील तितकं चांगलं. तुम्हीही धुवा. आणि काय करायचं ते तिला कळलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीच्या आधी तिनं शाळेच्या शिपाईण कमलाबाईला वर्गात बादली, रिकामं घमेलं, लोटा आणि नवा साबण आणायला सांगितलं. कमलाबाईनं ते टेबलाशेजारी स्टुलावर मांडलं आणि विचारलं, "कोनाचे हात धुवाचे, बाई?"

"माझे. तुम्ही फक्त पाणी घाला."

मुली नळावरून धुवून आल्या. "एकेकीनं पुढे या," सत्यशीला म्हणाली. "साथ आहे. रोग हातातून हातात जातो. म्हणून आजपासून मी प्रत्येकीचा हात पाहिल्यावर माझे हात धुणार." वसुधा पहिली आली. मेंदीचा फिका रंग राहिलेले, मऊ, नीट कापलेल्या नखांचे हात. सत्यशीलेनं ते आदल्या दिवसांहून जास्त वेळ धरले, उलटे केले, सुलटे केले. "स्वच्छ आहेत," ती म्हणाली. मग स्टुलाशी गेली, बाह्या मागे सारल्या आणि हात धुवायला लागली. घाई केली नाही. तळवा, पाठ, बेचकी, नखं, मनगट. कमलाबाईच्या लोट्यातलं पाणी घमेल्यात पडत राहिलं. नॅपकिननं बोट न् बोट पुसून ती परत आली. वसुधा तिथेच उभी होती.

"बाई, माझे हात स्वच्छ होते ना?"

"हो."

"मग तुम्ही..."

"मग काय?"

वसुधाच्या तोंडावरचा रंग हळूहळू बदलला. तिला काय झालं ते तिला सांगता येत नव्हतं, पण झालं होतं, आणि ते होताना पाहायला मिळालं तेव्हा सत्यशीलेच्या छातीत काहीतरी गरम आणि गोड पसरलं. तिला त्याची शरम वाटली नाही. घे, ती मनात म्हणाली. एवढंसंच आहे, चिमूटभर. मला हे पोटभर मिळालं. दुसरी आली, तिसरी आली. धुवून, पुसून, "पुढची." मुली हात पुढे करताना आता कचरायला लागल्या. एकीनं येताना स्कर्टला तळवे पुसले. एक जागेवर जाऊन बसली आणि आपले हात नाकाशी नेऊन हुंगून पाहू लागली. कमलाबाईनं एकदा सत्यशीलेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळलं होतं. बहुतेक सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी कोणाला काही म्हणता येत नव्हतं, कारण बाई हातच तर धुत होत्या.

मग चंद्रकला आली. तिनं हात पाठीमागे लपवले होते. "मासोरीचा वास येते, बाई," ती पुटपुटली. "सकाळी बाबासंगं टोपल्या उचलल्या." सत्यशीलेनं तिचे हात ओढून घेतले. लहान, खरखरीत, कडांना खवल्याचा एक चमकता कण चिकटलेला. ही त्या दिवशी रांगेत नव्हती. सगळ्या वर्गात ही एकटीच नव्हती. हिच्यानंतर हात धुवायचे नाहीत, असं सत्यशीलेनं एका क्षणात ठरवलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिला दिसलं की चंद्रकलेच्या मागे हेमलता उभी आहे. एकीला सोडलं तर दुसरीलाही सोडता आलं पाहिजे. एकीनंतर धुतले आणि एकीनंतर नाही, की वर्ग पाहणार, आणि मग विचारणार की हिलाच काऊन नाही. वसुधा तर बाकावरून पुढे वाकूनच बसली होती. सत्यशीलेनं सुरू केलेली ही गोष्ट आता कोणासाठीही थांबत नव्हती. ती स्टुलाशी गेली आणि तिनं हात धुतले. पाण्याच्या आवाजाच्या वर चंद्रकलेचा हुंदका सगळ्यांना ऐकू आला. पोरगी जागेवर गेली आणि तिनं बाकावर डोकं ठेवलं.

हेमलता पुढे आली. ओठ घट्ट मिटलेले. तिनं हात पुढे केले ते दोन्ही एकदम, जसे छडीसाठी करतात. भेगा कालच्यापेक्षा ओल्या होत्या. सत्यशीलेनं ते धरले आणि तिला त्या बोटांतली नाडी कळली, इतकी जोरात चालली होती. एवढंच करायचं होतं. हात सोडायचा, नॅपकिन बाजूला ठेवायचा आणि म्हणायचं, "पुढची." त्या एका न धुण्यानं, ही बाईंचीच माणूस म्हणून, मुलीचं सगळं उघड झालं असतं, आणि मग त्या खिडकीत जेवायला दोघी असत्या. तिच्या मनात ही गोष्ट सूड म्हणून आली आणि लगेच माया म्हणूनही आली, आणि दोन्हींचं तोंड सारखंच दिसत होतं. हेमलता तिच्याकडे पाहत नव्हती. ती घमेल्याकडे पाहत होती.

सत्यशीलेनं हात सोडले. ती स्टुलाशी गेली. "पाणी घाला," ती कमलाबाईला म्हणाली. तिनं साबण घेतला आणि चोळला, तळवा, पाठ, बेचकी, नखं. बायनाबाईच्या माहेरच्या म्हातारीच्या नातीचा स्पर्श तिनं आपल्या हातांवरून धुवून काढला, वसुधाचा काढला होता तितकाच वेळ घेऊन, तितक्याच निगुतीनं. वळून पाहिलं तर हेमलतेचे खांदे खाली आले होते. तिनं श्वास सोडला होता. ती आपल्या बाकाकडे गेली तेव्हा वसुधा सरकली आणि तिनं तिला जागा करून दिली. दोघींनी एकमेकींकडे पाहून तोंडं वेंगाडली, बाईंना वेड लागलं म्हणून.

घंटा होईपर्यंत सत्यशीलेनं उरलेल्या मुलींचे हात पाहिले आणि धुतले. तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. मुली डबे घेऊन बाहेर पडल्या. आज नळावर कोणी गेलं नाही. कोणाला हिंमत झाली नाही, की कोणाला ते आठवलंच नाही, हे तिला सांगता आलं नसतं. चंद्रकला मात्र डबा न घेताच बाहेर गेली होती. तिला शोधायला जावं म्हणून सत्यशीला दाराशी आली, तर हेमलता काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत आत येत होती. तिच्या हाताला लोणच्याचं तेल लागलं होतं, कोणीतरी दिलेलं. तिनं मागे पाहिलं, मग अगदी जवळ आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सत्यशीलेशी घरच्या माणसासारखी बोलली.

"उद्या पन धुवाल ना, बाई?"